बाणाची पारख

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम लढतीत पंधरा बाण सोडले आणि पंधराही बाण दहा गुणांच्या वर्तुळात रोवले. १५० पैकी १५० गुण मिळवून तो विश्वविजेता ठरला. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामीने महिलांचे वैयक्तिक अजिंक्यपद पटकावले. साहजिकच चक्रे बसविलेल्या त्या अनोख्या धनुष्याविषयी महाराष्ट्रात कुतूहल निर्माण झाले. बाणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः पन्नास मीटरवरील अवघ्या आठ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लागोपाठ भेदायचे, तर प्रत्येक बाण दुसऱ्यासारखाच आणि त्या धनुष्याला साजेसाच असावा लागतो. धनुष्य कितीही उत्तम असो, बाण विजोड असेल तर नेमबाजाचे कौशल्य वाया जाते. प्रसंगी त्याच्या हातालाही इजा होते.

बाणाच्या निवडीचा हा विचार सर्वांत बारकाईने झाला तो मैदानावर नव्हे, तर अमेरिकेच्या जंगलांत. कंपाउंड धनुष्याचा जन्मच तेथला. मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांनी या धनुष्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. पुढे हे धनुष्य शिकाऱ्यांमध्ये झपाट्याने लोकप्रिय झाले. अमेरिकेतील राज्ये हरणांच्या शिकारीसाठी ठराविक हंगाम आखून देतात आणि धनुर्धाऱ्यांसाठी त्यात बहुधा स्वतंत्र काळ राखून ठेवलेला असतो. भारतात परिस्थिती सर्वस्वी वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने येथे वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातली असून त्या कायद्यातील ‘शस्त्र’ या संज्ञेत धनुष्यबाणाचाही समावेश आहे. आपल्याकडे कंपाउंड धनुष्य हे केवळ क्रीडासाधन होय. तथापि बाणाला लागू होणारे भौतिकशास्त्राचे नियम जंगलात आणि मैदानात सारखेच असतात. फरक असतो तो चुकीच्या परिणामांचा. मैदानावर बाण भरकटला तर गुण जातात, जंगलात भरकटला तर एक जीव तासन्‌तास तडफडतो. म्हणूनच शिकारीच्या बाणाची निवड हा तेथे केवळ छंदाचा नव्हे, तर नीतीचाही प्रश्न मानला जातो.

धनुष्याची शक्ती, बाणाची सहनशक्ती

साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर वाढत जातो. कंपाउंड धनुष्यात मात्र दोन्ही टोकांना लंबवर्तुळाकार चक्रे असतात, त्यांना ‘कॅम’ म्हणतात. दोरी ओढताना मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लावावा लागतो आणि दोरी शेवटपर्यंत ओढली गेली की कॅमच्या विशिष्ट आकारामुळे हातावरील भार एकदम कमी होतो. ६० पौंडी, म्हणजे सुमारे २७ किलो खेच असलेल्या धनुष्यात ही सवलत ८० टक्के असेल, तर नेम धरताना हाताला जेमतेम साडेपाच किलोंचा भार जाणवतो. त्यामुळे नेम स्थिरपणे धरता येतो. साठवलेली ऊर्जा मात्र कमी होत नाही. दोरी सुटताच ती क्षणार्धात बाणाच्या शेपटाशी धडकते.

बाणाच्या अडचणीची सुरुवात येथूनच होते. शेपटाला मागून जबरदस्त धक्का बसतो आणि टोकाचे वजन मात्र जडत्वामुळे जागचे हलायला तयार नसते. या दोहोंच्या कात्रीत सापडलेली दांडी वाकते. मग ती उलट दिशेने वाकते आणि अशी लवत-सावरत, माशासारखी वळवळत ती पुढे जाते. डोळ्यांना सरळ जाताना दिसणारा बाण प्रत्यक्षात सुरुवातीचे काही मीटर थरथरत असतो. ही थरथर अटळ आहे. ती किती असावी आणि किती लवकर शमावी, हे ठरविणे म्हणजेच बाणाची निवड करणे.

ताठरपणाचा आकडा

बाण निवडताना पहिला विचार करावयाचा तो दांडीच्या ताठरपणाचा. या गुणधर्माला तिरंदाजीच्या परिभाषेत ‘स्पाइन’ म्हणतात. तो मोजण्याची प्रमाणित पद्धत सोपी आहे. २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडी आडवी ठेवायची, मधोमध सुमारे ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि दांडी किती खाली झुकली ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचे. ती ०.४०० इंच, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर झुकली, तर तिचा आकडा ४००. ०.५०० इंच झुकली तर ५००. आकडा जितका लहान तितकी दांडी अधिक ताठ, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. नवखे ग्राहक नेमके येथेच फसतात आणि मोठा आकडा म्हणजे दणकट बाण असा समज करून घेतात.

धनुष्याची खेच जितकी अधिक तितकी ताठ दांडी लागते. साधारणतः ५० पौंडांच्या आसपास खेच आणि आखूड बाण असेल तर ५०० आकड्याची दांडी चालते. ६० पौंडांला ४०० च्या आसपासची आणि ७० पौंडांला ३४० किंवा त्याहूनही ताठ दांडी घ्यावी लागते. बाण तयार करणाऱ्या कंपन्या यासाठी तक्ते प्रसिद्ध करतात. तक्त्यात खेच, बाणाची लांबी आणि टोकाचे वजन या तीन गोष्टींचा मेळ घातलेला असतो. दोन आकड्यांच्या सीमारेषेवर असताना कंपाउंडसाठी बहुधा अधिक ताठ दांडीकडे झुकावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. फाजील लवचीक बाण केवळ भरकटत नाही, तर शक्तिशाली धनुष्यातून सुटताना मोडूही शकतो.

टेबलावर मोजलेला ताठरपणा आणि उड्डाणातील ताठरपणा एकच नसतो, ही त्यातील आणखी एक मेख. टोकाला अधिक वजन लावले की तीच दांडी अधिक वाकते, लांबी कमी केली की ती ताठ होते. १०० ग्रेनचे टोक काढून त्याजागी १२५ ग्रेनचे बसविले आणि दांडी तीच ठेवली, तर व्यवस्थित उडणारा बाणही बिघडू शकतो.

लांबी : सुरक्षेचा पहिला नियम

बाणाची लांबी मोजताना टोक धरले जात नाही. शेपटाच्या खाचेच्या तळापासून दांडीच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. ही लांबी अर्थातच नेमबाजाच्या हातांच्या लांबीवर आणि त्यानुसार ठरणाऱ्या धनुष्याच्या खेचलांबीवर अवलंबून असते. दोरी पूर्ण ओढलेली असताना बाणाची पुढची कड ‘रेस्ट’च्या, म्हणजे बाण ज्यावर टेकतो त्या आधाराच्या पुढे राहिली पाहिजे. आखूड बाण मागे सरकून रेस्टवरून घसरला आणि त्याच क्षणी दोरी सुटली, तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. त्यामुळे लहान मुलासाठी घेतलेले बाण मोठ्याच्या धनुष्यावर ‘एकदा लावून पाहू’ म्हणून चढविणे धोक्याचे ठरते.

दुसऱ्या टोकाला, गरजेपेक्षा लांब बाण हात वाचवतो, पण उड्डाण बिघडवतो. तुळई जितकी लांब तितकी ती अधिक वाकते, हे सर्वांना ठाऊक आहे. ही वाढ मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात होते. २८ इंचांऐवजी ३० इंचांची दांडी घेतली, तर लांबी वाढते जेमतेम सात टक्क्यांनी. त्याच वजनाखाली होणारा वाक मात्र सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. दोन इंचांच्या आळसापायी दांडीचा आकडाच बदलल्यासारखे होते. म्हणून आधी खेचलांबी नीट मोजून घ्यावी, मग लांबी ठरवावी आणि त्यानंतरच ताठरपणाचा तक्ता उघडावा, हा क्रम योग्य होय.

हलका की जड?

बाणाचे वजन ‘ग्रेन’ या जुन्या एककात मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजेच एक ग्राम भरायला साधारण साडेपंधरा ग्रेन लागतात. वजनाची खालची मर्यादा सुरक्षेने ठरते. धनुष्याच्या खेचेच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन किमान पाच ग्रेन असावे, हा सर्वमान्य संकेत आहे. ६० पौंडांच्या धनुष्याला त्यामुळे ३०० ग्रेनहून, म्हणजे साडेएकोणीस ग्रामहून हलका बाण लावू नये. बाण फार हलका असेल तर तो धनुष्याची सगळी ऊर्जा घेऊन जाऊ शकत नाही. उरलेली ऊर्जा धनुष्याच्या पात्यांत, कॅममध्ये आणि दोरीत कंपनांच्या रूपाने मुरते. बाणाविना दोरी सोडली तर धनुष्य फुटण्याचा जो धोका असतो, त्याचाच हा सौम्य अवतार.

शिकारी साधारणतः पौंडामागे सहा ते आठ ग्रेन वजन पसंत करतात. वेगाचे आकर्षण कोणाला नसते? पण वेगाची किंमत तपासून पाहिली पाहिजे. उदाहरणादाखल एकाच धनुष्यातून सोडलेले दोन बाण घ्या. पहिला २२.७ ग्रामचा, वेग सेकंदाला ९१.४ मीटर. दुसरा २७.२ ग्रामचा, वेग सेकंदाला ८३.८ मीटर. दोघांचीही गतिज ऊर्जा जवळपास सारखी, सुमारे ९५ ज्यूल भरते. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग मात्र जड बाणाचा दहा टक्क्यांनी अधिक असतो. शरीरात घुसताना विरोधाला न जुमानता पुढे जात राहण्यासाठी हाच संवेग उपयोगी पडतो.

हलक्या बाणाचा लाभ असा की तो कमी खाली येतो. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी सांभाळून घेतले जाते. हा लाभ कितीसा आहे? समजा, नेम ३० मीटरचा धरला आणि हरिण प्रत्यक्षात ३३ मीटरवर उभे आहे. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर वरील हलका बाण सुमारे ६ सेंटिमीटर आणि जड बाण सुमारे ७ सेंटिमीटर खाली लागेल. फरक अवघ्या एका सेंटिमीटरचा. शिकारीच्या नेहमीच्या अंतरावर वेगामागे धावण्यात फारसे हशील नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. अंतर वाढत जाते तसा मात्र हा फरक वाढतो.

याखेरीज आवाजाचाही प्रश्न आहेच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. ३० मीटरवरील हरणाला दोरीचा आवाज एका सेकंदाच्या अकराव्या हिश्श्यात ऐकू जातो. बाण पोहोचायला मात्र सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काळ लागतो. मधल्या पाव सेकंदात दचकलेले हरिण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसते आणि बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच जागी लागतो. जड बाण अधिक ऊर्जा सोबत नेत असल्याने धनुष्याचा आवाज कमी होतो. वेगाने जे साधत नाही ते कधी कधी शांततेने साधते, ते असे.

तोल पुढे असावा

बाणाचा गुरुत्वमध्य नेमका मध्यावर असून चालत नाही, तो थोडा पुढे असावा लागतो. ७४ सेंटिमीटर लांबीचा तयार बाण बोटावर तोलून धरला आणि तो शेपटापासून ४६ सेंटिमीटरवर स्थिरावला, तर मध्यबिंदूच्या, म्हणजे ३७ सेंटिमीटरच्या पुढे तो नऊ सेंटिमीटर गेला. लांबीच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे १२ टक्के झाले. शिकारीच्या बाणासाठी १० ते १५ टक्के हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. पुढचे वजन दिशा धरून ठेवते आणि मागची पिसे शेपटाला रेषेत ओढून आणतात. वजन फार पुढे गेले तर बाण लवकर नाक खाली घालतो, फार मागे राहिले तर तो डगमगतो.

टोक आणि पाती

सरावासाठी साधे, निमुळते टोक वापरतात. शिकारीसाठी मात्र रुंद पात्यांचा फाळ लागतो. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. बंदुकीची गोळी मोठ्या आघाताने प्राण्याला पाडते. बाणाकडे तेवढी ऊर्जा नसते. तो मारतो तो रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेला धारदार फाळ हरणाला काही सेकंदांत बेशुद्ध करतो. बोथट फाळ रक्तवाहिन्या कापण्याऐवजी बाजूला सारतो आणि जखमी प्राणी झुडपांत दूरवर पळून जातो. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांनी फाळाची किमान रुंदी ठरवून दिली आहे. ती बहुधा सात अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असते. धनुष्याच्या किमान खेचेचेही नियम आहेत. काही राज्यांत ती ३५ पौंड, तर काहींत ४० पौंड आहे.

फाळांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात पाती कायम उघडी असतात, दुसऱ्यात ती मिटलेली असून लक्ष्याला लागताच उघडतात. मिटणारा फाळ सरावाच्या टोकासारखाच सरळ उडतो. पण पाती उघडण्यात काही ऊर्जा खर्च होते, शिवाय हलता भाग म्हटला की तो अडकण्याची शक्यता आलीच. कमी खेचेच्या धनुष्याला म्हणून उघड्या पात्यांचा फाळ अधिक भरवशाचा. त्याचा दोष वेगळा आहे. त्याची पाती हवेत पंखांसारखे काम करतात आणि बाणाचा ताठरपणा किंवा जुळणी किंचित जरी चुकलेली असली, तरी ती चूक मोठी करून दाखवतात. सरावाच्या टोकाने अचूक लागणारे बाण फाळ लावताच विखुरले, तर दोष फाळाचा नसून आधीपासून दडलेल्या विजोडपणाचा असू शकतो. फाळ आणि सरावाचे टोक एकाच वजनाचे ठेवावे आणि हंगामापूर्वी प्रत्यक्ष फाळानेच सराव करावा, हे त्यामुळे आवश्यक ठरते.

पिसे, खाच आणि दांडीचा कस

पूर्वी पक्ष्यांची पिसे लावीत. आज बहुतेक कंपाउंड बाणांना प्लास्टिकच्या तीन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या किंचित तिरप्या बसविल्या की बाण स्वतःभोवती फिरू लागतो आणि फिरता बाण लवकर स्थिरावतो. फाळ जितका रुंद तितका हा मागचा लगाम भक्कम हवा. दोरीत अडकणारी शेपटाची खाच, म्हणजे ‘नॉक’, दोरीवर हलकेच बसली पाहिजे. दोरीला टिचकी मारताच बाण सुटून यावा, इतपतच तिची पकड असावी.

दांडीच्या साहित्यात शतकभरात क्रांती झाली. लाकडानंतर ॲल्युमिनियम आले. त्याच्या दांड्यांवरील आकडा निराळाच असतो. २११७ याचा अर्थ बाहेरील व्यास २१/६४ इंच आणि नळीच्या भिंतीची जाडी १७/१००० इंच. ॲल्युमिनियम सरळ आणि एकसारखे असते, पण एकदा वाकले की वाकलेलेच राहते. कार्बन तंतूंची दांडी वाकत नाही. ती एकतर सरळ असते किंवा तुटते. हलकी, टणक आणि टिकाऊ असल्याने आज तिचेच राज्य आहे. तिचा सरळपणा वेष्टनावर ०.००१, ०.००३ किंवा ०.००६ इंच असा नमूद केलेला असतो. आकडा लहान तशी किंमत चढी. वीस-पंचवीस मीटरवर मारणाऱ्या सामान्य नेमबाजाला मधल्या प्रतीची दांडी पुरेशी होते. त्याहून महत्त्वाचे असते ते डझनभर बाणांचे वजन आणि ताठरपणा एकमेकांशी जुळणे.

कागदाची साक्ष आणि हाताची काळजी

तक्ता केवळ सुरुवात करून देतो, निवाडा करते ती प्रत्यक्ष चाचणी. चौकटीत ताणलेल्या कागदातून दोन-अडीच मीटरवरून बाण सोडला की कागदावर त्याच्या चालीची साक्ष उमटते. मध्ये एक भोक आणि भोवती पिसांच्या तीन चिरा दिसल्या, तर बाण सरळ गेला. कागद एका बाजूला लांबवर फाटला, तर शेपूट तिकडे झुकले होते. अशा वेळी रेस्ट, नॉकची जागा किंवा बाणाचा ताठरपणा यांपैकी काहीतरी बदलावे लागते. फाळ लावलेला बाण टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवणे, ही दुसरी सोपी चाचणी. तो थरथरला तर फाळ सरळ बसलेला नाही.

कार्बनच्या बाणाची तपासणी तर प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी करणे अगत्याचे असते. लक्ष्यावर आधीच्या बाणाला घासलेल्या किंवा दगडावर आपटलेल्या दांडीत बाहेरून न दिसणारी चीर असू शकते. दोन्ही टोके धरून दांडी शरीरापासून दूर, हलकेच वाकवावी, फिरवीत पुन्हा वाकवावी आणि कान द्यावा. करकर ऐकू आली किंवा बोटांना खरबरीत चीर लागली, तर तो बाण मोडून टाकून द्यावा, कारण अशी दांडी धनुष्यातून सुटताना फुटली तर तिचे तंतू हातात घुसतात.

हे सारे ज्ञान जन्मले शिकारीच्या गरजेतून. पण त्याची गरज आज साताऱ्या-नागपूरच्या मैदानांवरही तितकीच आहे. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश करण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला आणि या खेळाला नवे वलय लाभले. अधिकाधिक मुले-मुली त्याकडे वळतील, तेव्हा पालकांचा खर्च धनुष्यावरच संपण्याची आणि बाण ‘मिळतील ते’ घेतले जाण्याची भीती आहे. वाढत्या वयात हात लांबतात, खेच वाढते आणि गेल्या वर्षी अचूक असलेला बाण यंदा आखूड किंवा लवचीक ठरतो. म्हणून धनुष्याची खेच वा लांबी बदलली की बाणांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा. लांबी, ताठरपणा, वजन, तोल आणि शेवटी चाचणी, हा क्रम न चुकवणाऱ्याचा नेम चुकला तर दोष बाणाला देता येणार नाही. तो नेमबाजाला सरावाने दूर करता येईल.